फाट्यावरचे सोनकिडे

मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यानं कधी गेला असाल तर शीळफाटा तुम्हाला ठाऊक असणार. ठाऊक म्हणजे काय, तिथं तुम्ही अडकलाच असाल. एक रस्ता मुंब्र्याकडून येतो, एक पनवेलला जातो, एक कल्याणकडे वळतो आणि एक पारसिकचा डोंगर ओलांडून महापेला उतरतो. सकाळ-संध्याकाळ कंटेनर, टँकर, बस, रिक्षा यांची अशी गर्दी असते की गाडीत बसून माणसं घड्याळाकडे बघतात. रस्त्याकडेच्या बाभळीकडे कोण बघतो?

मी बघते. चाळीसेक वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवल्यावर ही खोड जात नाही. त्या बाभळीवर पाऊस सुरू झाल्यानंतर काही आठवडे एक पाहुणा येतो. दीड इंचाचा, जाडजूड, पाठीवर तपकिरी कवच आणि मानेवर हिरव्या धातूची चकाकी. आमच्याकडे त्याला सोनकिडा म्हणतात. आज मला तुमच्याशी या सोनकिड्यांविषयी बोलायचं आहे. त्यातही एका प्रश्नाविषयी. एकासारखे एक दिसणारे दोन सोनकिडे एकाच जातीचे की वेगळ्या, हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न मला शेजारच्या मुलीनं विचारला. ती तेव्हा सातवीत होती. जुलैतल्या एका रविवारी मिठाईचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका घेऊन ती आली. आत बाभळीचा पाला आणि दोन किडे.

"आजी, हे कोण?"

"सोनकिडे," मी म्हणाले.

"ते माहीत आहे. पण दोघं एकच आहेत का? एकाची मान चमकते, दुसऱ्याची नाही."

तिचं निरीक्षण बरोबर होतं. एकाची मान हिरवीगार लखलखत होती, दुसऱ्याची काळपट, मळकट. मी चष्मा लावला, वर-खाली बघितलं आणि मोठ्या अधिकारानं सांगितलं, "दोन वेगळ्या जाती आहेत." दोन्हींची लॅटिन नावं तिला लिहून दिली. तिनं ती सुवाच्य अक्षरात तक्त्यावर उतरवली, चित्रं काढली आणि तक्ता शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात लावला.

माझं उत्तर घाईचं होतं. ते कसं, हे सांगण्याआधी या मंडळींची थोडी ओळख करून द्यायला हवी.

ज्यांना इंग्रजीत ज्युएल बीटल म्हणतात, म्हणजे रत्नासारखे भुंगेरे, त्यांचं शास्त्रीय कुळ ब्युप्रेस्टिडी. जगभरात या कुळाच्या सुमारे पंधरा हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. गंमत अशी, की कुळाचं नावच ओळखीच्या चुकीतून आलं आहे. 'ब्युप्रेस्टिस' हा जुना ग्रीक शब्द. त्याचा अर्थ गुराला फुगवणारा. चाऱ्याबरोबर पोटात गेला तर गुरं फुगून मरतात असा एक विषारी भुंगेरा ग्रीकांना माहीत होता. तो बहुधा अंगावर फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांपैकी होता. लिनियसनं अठराव्या शतकात प्राण्यांना नावं द्यायला घेतली तेव्हा हे नाव त्यानं या चमकदार, निरुपद्रवी किड्यांना देऊन टाकलं. नाव चिकटलं ते चिकटलंच. ओळख चुकली की ती दोन-अडीचशे वर्षं टिकू शकते, याचा हा पहिला दाखला.

आपल्या बाभळीवरचा सोनकिडा या कुळातल्या स्टर्नोसेरा नावाच्या प्रजातीत येतो. प्रजाती म्हणजे एका आडनावाचं घर आणि जात म्हणजे त्या घरातला एकेक माणूस, असं समजा. स्टर्नोसेरा हे आडनाव एशशोल्ट्झ या शास्त्रज्ञानं १८२९ मध्ये दिलं. अर्थ सरळ आहे, छातीवर शिंग असलेला. किडा उताणा केला की छातीच्या मध्यावर पुढे आलेला एक टोकदार उंचवटा दिसतो. तेच ते शिंग.

आता ओळखीकडे वळू. प्राणिशास्त्रात जात ओळखण्यासाठी एक साधन असतं, त्याला किल्ली म्हणतात. ही किल्ली म्हणजे एकामागून एक येणारे फाटे. प्रत्येक फाट्यावर दोनच रस्ते. शिंग आहे की नाही? असेल तर डावीकडे, नसेल तर उजवीकडे. कवच तपकिरी की हिरवं? पुन्हा फाटा. असं करत करत शेवटी एका नावापाशी पोचायचं. शीळफाट्याला राहणाऱ्या माणसाला हे लगेच समजेल. एका फाट्यावर चुकीचं वळण घेतलं की पुढचे सगळे निर्णय बरोबर घेऊनही कल्याणऐवजी पनवेल येतं.

पहिला फाटा, हा रत्नभुंगेरा आहे की नुसताच चमकणारा किडा? लहानपणी आम्ही रताळ्याच्या वेलाच्या पानावर बसणाऱ्या, कासवासारख्या चपट्या सोनेरी किड्यालाही सोनकिडाच म्हणायचो. तो काडेपेटीत ठेवला की दोन दिवसांत मरायचा आणि त्याचं सोनं उडून जायचं. त्याची झळाळी कवचातल्या ओलाव्यावर अवलंबून असते, ओल गेली की रंग गेला. बाभळीवरच्या सोनकिड्याचं तसं नाही. तो मेला, वाळला, शंभर वर्षं पेटीत पडून राहिला तरी चमकतो. आणखी एक खूण मिशांची. रत्नभुंगेऱ्याच्या मिशा आखूड आणि करवतीसारख्या दातेरी असतात. शेतातल्या हुमणीच्या भुंगेऱ्याच्या मिशांच्या टोकाला पंख्यासारख्या पाकळ्या असतात. तिसरी परीक्षा पोरांच्या आवडीची. किडा उताणा ठेवा. 'टक' असा आवाज करून तो उडाला, तर तो टिचकी मारणारा भुंगेरा, वेगळ्या कुळातला. सोनकिडा उताणा पडला की पाय पोटाशी घेतो आणि मेल्याचं सोंग करतो. फांदी हलवली तरी तो असाच टपकन खाली पडतो. थायलंडमध्ये लोक झाड हलवून असे किडे गोळा करतात आणि तळून खातात.

दुसरा फाटा आडनावाचा. छातीवर शिंग, अंग फुगीर, लांबी दीड इंचाच्या आसपास, पावसाळ्यात बाभळीवर किंवा तिच्या भाऊबंदांवर मुक्काम. एवढं जुळलं तर स्टर्नोसेरा.

तिसरा फाटा पाठीचा. इथं आपल्याकडच्या नेहमीच्या जातींची वाटणी सुरू होते. हिरवं किंवा निळसर कवच असणाऱ्यांत एक स्टर्नोसेरा स्टर्निकॉर्निस. याचं नामकरण खुद्द लिनियसनं १७५८ मध्ये केलं. याच्या हिरव्या पाठीवर बारीक खळगे असतात आणि त्यांत पांढुरकी लव भरलेली असते, त्यामुळे पाठीवर ठिपके काढल्यासारखे दिसतात. दुसरा स्टर्नोसेरा लीव्हिगाटा. लीव्हिगाटा म्हणजे गुळगुळीत केलेला. त्याच्या गडद पाठीवर असे लवेचे ठिपके नसतात. या दोघांना वेगळं करणं तसं सोपं. भिंग नसलं तरी चालतं.

तपकिरी कवचवाल्यांचं प्रकरण मात्र अवघड आहे. इथं दोन नावं भेटतात. एक स्टर्नोसेरा क्रायसिस, फॅब्रिशियसनं १७७५ मध्ये ठेवलेलं, सोन्याशी नातं सांगणारं नाव. दुसरं निटिडिकॉलिस. लॅटिनमध्ये 'निटिडस' म्हणजे चमकदार आणि 'कॉलिस' म्हणजे मानेचा, म्हणजे झाला 'चमकमान्या'. पाठ दोघांची बदामी-तपकिरी. फरक शोधायचा तो मानेवरच्या ढालीत. ती किती चमकते, तिच्यावरचे टोचल्यासारखे खळगे किती दाट आहेत, हे बघायचं.

आलं लक्षात? खोक्यातल्या एकाची मान चमकत होती, दुसऱ्याची नव्हती. मी चमकणाऱ्याला निटिडिकॉलिस म्हटलं, मळकट दिसणाऱ्याला क्रायसिस. किल्लीप्रमाणे अगदी बरोबर. पण चमक ही खूण किती भरवशाची, हे मी तपासलं नाही.

त्यासाठी ही चमक येते कुठून ते बघू. कपड्याला रंग देतो तसा रंग या किड्यात बहुतांशी नसतोच. त्याच्या कवचात अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक थरावरून थोडा प्रकाश परत फिरतो. परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात, काही रंगांचा जोर वाढतो, काहींचा जातो. साबणाच्या फुग्यावर किंवा ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात, त्याच जातीचा हा प्रकार. म्हणून बघण्याचा कोन बदलला की हिरव्याचा निळा होतो. आणि रंगद्रव्यच नसल्यामुळे तो उन्हानं विटत नाही.

या न विटणाऱ्या रंगापायी माणसानं या किड्याच्या कवचांचं काय काय केलं! आपल्याकडे जरीच्या कामात, मलमलीवर, हिरव्या कवचांचे तुकडे टिकल्यांसारखे शिवायची पद्धत होती आणि एकोणिसाव्या शतकात तो माल युरोपात जात असे. लंडनमध्ये १८८८ साली एलन टेरी ही नटी लेडी मॅकबेथ झाली, तेव्हा तिच्या हिरव्या झग्यावर अशी सुमारे हजार कवचं शिवलेली होती. झगा आजही जपून ठेवला आहे आणि कवचं आजही चमकतात. जपानमध्ये होर्युजी मंदिरात सातव्या शतकातला एक देव्हारा आहे, त्याच्या धातूच्या जाळीखाली याच कुळातल्या किड्यांची कवचं बसवली होती. आणि ब्रसेल्सच्या राजवाड्यात यान फाब्र या कलावंतानं २००२ मध्ये एक अख्खं छत सुमारे चौदा लाख कवचांनी मढवलं.

मग किड्याला स्वतःला या झळाळीचा उपयोग काय? सगळ्यांना दिसावं म्हणून ती असेल असं आपल्याला वाटतं. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये याच्या नेमकं उलट दाखवलं. त्यांनी आपल्या सोनकिड्याच्या भावाची, स्टर्नोसेरा इक्विसिग्नाटाची, कवचं आणि साध्या रंगाची नकली कवचं रानात पानांवर लावली. पक्ष्यांनी चमकणारी कवचं कमी टिपली. माणसांना शोधायला लावलं, तर त्यांनाही ती शोधणं जड गेलं. ओल्या, चकचकीत पानांमध्ये बदलता रंग नजरेला आकारच पकडू देत नाही. बाभळीवर सोनकिडा शोधताना माझी नजर चार वेळा त्याच्यावरून जाते, त्याचं कारण वय आणि चष्मा एवढंच नव्हे, हे वाचून मला बरं वाटलं.

मुद्दा असा, की चमक ही प्रकाशावर, कोनावर, ओलाव्यावर आणि पृष्ठभागाच्या स्वच्छतेवर अवलंबून आहे. म्हणजे ओळखीची खूण म्हणून ती फसवी आहे. खुद्द रत्नभुंगेरेसुद्धा तिला फसतात. ऑस्ट्रेलियात या कुळातली एक मोठी तपकिरी जात आहे, जुलोडिमॉर्फा. तिचे नर रस्त्याकडेला फेकलेल्या बिअरच्या आखूड बाटल्यांवर प्रेमानं चढून बसलेले आढळले. ग्विन आणि रेंट्झ या दोघांनी १९८३ मध्ये हे लिहून ठेवलं. बाटली तपकिरी, चकचकीत आणि तळाशी बारीक उंचवट्यांची नक्षी, म्हणजे मादीच्या पाठीसारखीच. रंग जुळला, चमक जुळली, पोत जुळला, म्हणून बिचाऱ्यानं ओळख पक्की केली. उन्हात तो तसाच मरेपर्यंत बसून राहायचा. या नोंदीला २०११ मध्ये गमतीचं इग नोबेल मिळालं. लोक हसले. मी हसू शकले नाही. मीही चमक आणि रंग बघूनच निर्णय दिला होता.

आता माझ्या चुकीचा शेवट सांगते. प्रदर्शन होऊन गेलं. दोन्ही किडे आपल्या मरणानं मेले. मोठे झाल्यावर त्यांचं आयुष्य थोड्याच आठवड्यांचं असतं. मुलीनं ते मला आणून दिले. जपून ठेवण्यापूर्वी साफ करावेत म्हणून मी पाण्यात बुडवलेला रंगाचा मऊ ब्रश काळपट मानेवरून फिरवला. ब्रशला माती लागली. पुन्हा फिरवला, पुन्हा माती. मानेवरच्या प्रत्येक खळग्यात लालसर चिखल घट्ट बसला होता. तो निघाला आणि खालून हिरवी ढाल लखलखली. वाळल्यावर दोन्ही किडे एकाच दिव्याखाली, एकाच कोनात ठेवून भिंगातून बघितले. खळग्यांची दाटी सारखी. रंग सारखा. फरक एवढाच, की एक किडा थोडा मोठा होता.

चिखल आला कुठून, हे मला आधीच सुचायला हवं होतं. रत्नभुंगेऱ्यांच्या बहुतेक अळ्या झाडाच्या खोडात लाकूड पोखरत वाढतात. स्टर्नोसेराच्या तशा नाहीत. मादी अंडी मातीत टाकते, अळी जमिनीखाली राहते, मुळं खाऊन मोठी होते आणि पाऊस पडून माती मऊ झाली की पूर्ण वाढलेला किडा जमीन फोडून वर येतो. माझा तो 'क्रायसिस' नुकताच मातीतून निघालेला, न धुतलेला किडा होता. दुसरा चार सरी अंगावर घेऊन स्वच्छ झाला होता. मी त्यांच्या अंघोळीतल्या फरकाला जातीतला फरक म्हटलं.

मी मुलीला बोलावून सगळं दाखवलं. ती बराच वेळ भिंगातून बघत राहिली. मग तिनं विचारलं, "आजी, मग माझा तक्ता खोटा?"

मी म्हणाले, "तुझी चित्रं खरी आहेत. तू बघितलंस ते खरं आहे. नाव मी घाईनं दिलं, ते चुकलं."

"मग खरं नाव कोणतं?"

इथं मला थांबावं लागलं. कारण यापुढचा फाटा खरोखरच अवघड आहे. क्रायसिस आणि निटिडिकॉलिस या दोन स्वतंत्र जाती आहेत की दुसरी ही पहिलीचीच उपजात आहे, याबाबत तज्ज्ञांनीच वेगवेगळ्या पद्धती वापरल्या आहेत. कुठं दोन नावं सुटी लिहिलेली दिसतात, कुठं एकाखाली एक. म्हणजे तुम्ही फाट्यावर बरोबर उभे आहात, पण समोरचे दोन रस्ते पुढे जाऊन एकत्र मिळतात की नाही, यावरच मतभेद.

अशा वेळी काय करतात? पहिलं म्हणजे एका किड्यावरून बोलत नाहीत. एकाच ठिकाणचे पुष्कळ किडे शेजारी शेजारी मांडतात. मग दिसतं की आकार भरवशाचा नाही. अळीला खायला भरपूर मिळालं की किडा मोठा, उपासमार झाली की लहान. जन्माला आल्यावर तो वाढत नाही. मान गडद हिरवीपासून निळसरपर्यंत पायरीपायरीनं बदलत गेली आणि मध्ये कुठं तुटक जागा नसली, तर ती एकच जात असण्याची शक्यता जास्त. स्वच्छ दोन गट पडले आणि मधलं कुणी नसलं, तर दोन जातींचा संशय घ्यायचा. दुसरं म्हणजे नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण भुंगेऱ्यांच्या जवळच्या जाती वेगळ्या करायला हा सर्वांत भरवशाच्या मार्गांपैकी एक आहे, कारण वरून जुळे दिसणाऱ्या जातींत या अवयवांचे आकार पुष्कळदा वेगळे असतात. तिसरं म्हणजे संग्रहालयात ठेवलेल्या, तज्ज्ञांनी ओळख पटवलेल्या नमुन्यांशी ताडून बघतात. आपलं भाग्य की मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा १८८३ पासून जमत गेलेला संग्रह आहे आणि पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. आता डीएनएचीही मदत होते. पण डीएनए ताडून बघायलाही आधी कुणीतरी नीट ओळखलेला नमुना लागतोच.

एवढा खटाटोप कशासाठी, असं तुम्ही विचाराल. सोनकिडा तो सोनकिडा, नावाचं एवढं काय? त्यासाठी एक घडलेली गोष्ट सांगते. अमेरिकेत मिशिगन राज्यात डेट्रॉइटच्या आसपास ॲश नावाची झाडं वाळू लागली. सुरुवातीला दोष झाडांच्या एका रोगाला गेला. मग सालीखाली एक हिरवा, जेमतेम अर्ध्या इंचाचा रत्नभुंगेरा सापडला. तो अग्रिलस या प्रजातीतला, हे कळलं. पण या एका आडनावाखाली तीन हजारांच्या आसपास जाती आहेत आणि कित्येक एकमेकींसारख्या. नमुने फिरत फिरत युरोपात स्लोव्हाकियातले तज्ज्ञ एदुआर्द येंदेक यांच्यापर्यंत गेले. त्यांनी २००२ च्या जुलैत ओळख पटवली. हा अमेरिकेतला नव्हे, पूर्व आशियातला किडा होता. बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. नाव मिळेपर्यंत तो कित्येक वर्षं तिथं सुखानं पसरला होता. त्यानं आजवर कोट्यवधी झाडं मारली आहेत. नाव कळताच उपाय सापडला असं नाही. पण तो कुठला, त्याचे शत्रू कोण, लाकूड कुठून कुठं नेऊ नये, हे प्रश्न विचारता आले ते नाव कळल्यावरच.

या गोष्टीला एक गोड शेपूट आहे. या किड्याचा माग काढायला तिकडे एका गांधीलमाशीची मदत घेतात. ती पिल्लांसाठी फक्त रत्नभुंगेऱ्यांची शिकार करते. तिच्या बिळापाशी बसून तिनं काय आणलं ते बघायचं. कुळ ओळखण्यात ती सहसा चुकत नाही. पण अग्रिलसची कोणती जात, हे तिलाही सांगता येत नाही. त्यासाठी पुन्हा माणूस आणि भिंग लागतंच.

आपल्या सोनकिड्यानं असा कुणाचा संसार उद्ध्वस्त केलेला नाही. त्याचा प्रश्न उलटा आहे. शीळफाट्याच्या आसपासची जमीन गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कशी पालटली, ते कल्याण-शीळ रस्त्यानं जाणाऱ्याला सांगायला नको. भातखाचरं होती तिथं मनोरे आहेत. कल्याण-तळोजा मेट्रोचं काम याच परिसरातून जातं. बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलापासून येणारा एकवीस किलोमीटरचा बोगदा, ज्याचे सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखाली आहेत, तो शीळफाट्यालाच बाहेर येतो. २०२५ च्या सप्टेंबरात घणसोली ते शीळफाटा हा त्याचा पहिला टप्पा आरपार झाला. या कामांची गरज नाही असं मी म्हणत नाही. मीही त्याच वाहतूक कोंडीत अडकते. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खोडात वाढणाऱ्या किड्याचं झाड तोडलं तर निदान तोडलेलं दिसतं. सोनकिड्याची पिढी वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली असते. बाभळीच्या मुळाशी भराव पडला, वर काँक्रीट आलं, तर तिथं कुणी होतं हेसुद्धा कुणाला कळत नाही. त्या वेळी उरते ती फक्त नोंद. आणि ती नोंद चुकीच्या नावानं केलेली असली, तर जी जात इथं कधी नव्हतीच ती 'नाहीशी झाली' असं पुढचा माणूस लिहील आणि जी खरोखर होती तिचं नाव कुठंच येणार नाही.

आणि आपल्या भागात शोधण्यासारखं संपलेलं नाही. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या, उड्या मारत शिकार करणाऱ्या एका छोट्या कोळ्याची २०२१ साली विज्ञानाला नवी जात म्हणून नोंद झाली. सव्वीस नोव्हेंबरच्या हल्ल्यात प्राण देऊन कसाबला धरणारे पोलीस सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिचं नाव आयसियस तुकारामी ठेवलं. लोकलच्या एवढ्या गर्दीच्या पट्ट्यात ती तोवर बिननावाची राहत होती.

तुम्हालाही हे करता येईल. त्यासाठी किडा मारायची गरज नाही. सोनकिडा दिसला तर त्याचे चार फोटो काढा. एक वरून, एक बाजूनं, एक समोरून आणि एक उताणा, छातीचं शिंग दिसेल असा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल. थेट ऊन टाळा, सावलीतल्या प्रकाशात रंग खरा दिसतो. मानेवर माती असेल तर ओल्या कापसानं हळूच पुसा; हा धडा मला महाग पडला आहे. तो कोणतं पान खात होता त्याचाही फोटो घ्या. मग तारीख आणि जागा लिहा. जागा लिहिताना नुसतं 'शीळफाटा' लिहू नका. फाट्याला चार बाजू आहेत. डोंगराकडची की खाडीकडची, पनवेलच्या अंगाची की खिडकाळीच्या, हे लिहा. तज्ज्ञ नंतर नाव दुरुस्त करू शकतो. तुम्ही न लिहिलेली जागा त्याला कुठून सापडणार? आणि हे झालं की किड्याला होता त्याच झाडावर सोडून द्या. त्याच्याकडे दिवस थोडे असतात.

आमच्या त्या दोन किड्यांच्या खाली शेवटी काय लिहिलं, ते सांगायचं राहिलं. मुलीनं जुन्या चिठ्ठ्या काढून नवी एकच चिठ्ठी केली. तिच्यावर लिहिलं: 'स्टर्नोसेरा. तपकिरी पाठ, हिरवी मान. बाभळीवर. शीळफाटा, कल्याण रस्त्याची डावी बाजू. जात अजून नक्की नाही.' शाळेत तिनं बाईंना सांगून तक्त्यावरचं एक नावही खोडलं. वर्गातली मुलं हसली म्हणाली. मग एका मुलानं विचारलं, की चिखल धुतल्याशिवाय कसं कळणार होतं? तेव्हा तिनं पिशवीतून ब्रश काढून दाखवला.

ती आता कॉलेजात आहे. ज्या बाभळीवर ते दोघे सापडले, तिच्याभोवती गेल्या वर्षी निळे पत्रे लागले. पत्र्यांच्या अलीकडे अजून दोन बाभळी आणि एक बोर आहे. पावसाच्या पहिल्या आठवड्यानंतर आम्ही दोघी तिथं जातो. मी रस्त्याकडे पाठ करून उभी राहते, ती फांद्या बघते. गेल्या जुलैत तिला एक दिसला, काळपट मानेचा. तिनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. तिनं आधी ब्रश काढला.